पावसाळ्यात कपांवर पडणारी जाळी: झिलईचे तडे पुन्हा पुन्हा का येतात आणि ते कसे थांबवावेत

एप्रिल-मे महिन्यांत भाजलेले कप, वाडगे आणि बरण्या भट्टीतून निर्दोष बाहेर येतात, गिऱ्हाइकाच्या घरी जातात आणि श्रावण लागता लागता त्यांच्या झिलईवर बारीक तड्यांची जाळी उमटते, ही तक्रार बडोद्यातील घरगुती आणि लहान स्टुडिओंमध्ये दरवर्षी ऐकू येते. तड्यांत चहाचा रंग मुरतो, कपाचे बूड धुतल्यानंतरही बराच वेळ ओलसर राहते, आणि बरणी असेल तर गणपतीच्या सुमारास तिच्या बाहेरच्या अंगावर मिठाचा पांढरा थर दिसू लागतो. वस्तू परत भट्टीत घातली की झिलई वितळून तडे बुजतात, त्यामुळे दुरुस्ती झाली असे वाटते. पण काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तीच जाळी पुन्हा हजर होते. या दोषाचे कारण बहुतेक जण झिलईच्या डब्यात शोधतात आणि एकामागून एक पाककृती बदलत राहतात. माझे मत असे आहे की उशिरा येणाऱ्या तड्यांचे मूळ बहुतेक वेळा झिलईखालच्या मातीत असते, आणि ती माती पुरेशी भाजली गेली होती का हा पहिला प्रश्न विचारल्याशिवाय झिलईला हात लावणे म्हणजे श्रम वाया घालवणे आहे.

आधी तडा कोणता, ते ठरवावे

झिलईचा तडा आणि भांड्याचा तडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाउंटन पेनची शाई थोड्या पाण्यात मिसळून पृष्ठभागावर पसरावी, पाच-दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसावी आणि तिरप्या उजेडात पाहावे. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांचे जाळे दिसले, आणि भांडे फोडून पाहिल्यावर शाई झिलईच्या जाडीपर्यंतच उतरलेली आढळली, तर तो झिलईचा तडा, ज्याला स्टुडिओत सर्रास क्रेझिंग म्हणतात. याउलट काठापासून बुडापर्यंत गेलेली एकच लांब रेषा, बोटाने वाजवल्यावर येणारा बद्द आवाज आणि आरपार गेलेली शाई ही भांडेच तडकल्याची खूण आहे. तो दोष बहुधा फार वेगाने थंड होण्यातून येतो: ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना बदलते आणि त्याचे आकारमान एकाएकी घटते, त्यामुळे जाड बुडाच्या वस्तू तिथे सांभाळून न्याव्या लागतात. त्या दोषावर पुढे दिलेले उपाय लागू पडत नाहीत.

तिसरा एक प्रकार याच्या अगदी उलट आहे. काठांवरून आणि कानाच्या कडेवरून झिलईच्या धारदार टिकल्या सुटत असतील, तर झिलई ताणाखाली नसून अतिदाबाखाली आहे. तो दोष जाळीपेक्षा धोकादायक आहे, कारण टिकली थेट तोंडात जाऊ शकते. अशा वस्तू खाण्यापिण्यासाठी मुळीच देऊ नयेत. जाळी घालवण्याच्या नादात नेमके या टोकाला जाणारे पुष्कळ आहेत, म्हणून त्याचा उल्लेख इथेच करून ठेवतो.

तडा केव्हा आला, यावर निदान अवलंबून आहे

थंड होताना झिलई साधारण ६०० ते ७०० अंशांच्या दरम्यान घट्ट होते. तोपर्यंत ती मऊ असल्यामुळे खालची माती आकसली तरी तिला काही होत नाही. त्यानंतर मात्र झिलई आणि माती एकमेकींना चिकटून एकत्रच आकसतात, आणि दोघींचे आकसणे सारखे नसेल तर त्यातला फरक ताणाच्या किंवा दाबाच्या रूपाने झिलईत साठतो. झिलई ही काच आहे. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र फारच थोडा सोसते. म्हणून झिलई मातीपेक्षा किंचित कमी आकसावी, म्हणजे गार झाल्यावर ती हलक्या दाबाखाली राहील, हे या सर्व कामातले मूळ सूत्र होय.

भट्टी उघडतानाच टिणटिण आवाज येत असेल, किंवा दोन-तीन दिवसांत जाळी दिसत असेल, तर झिलई मातीपेक्षा बरीच अधिक आकसते आहे आणि दोष खरोखरच झिलईच्या घटकांत आहे. अशा वेळी भट्टी दोनशे अंशांवर उघडली म्हणून तडे गेले असे सांगितले जाते. भट्टी शंभर अंशांच्या खाली आल्यावरच उघडावी, यात वाद नाही. पण नीट जुळलेली झिलई थोड्या घाईने तडकत नाही, आणि न जुळलेली झिलई कितीही हळू थंड केली तरी आज ना उद्या तडकतेच. सावकाश थंड केल्याने तड्यांचा दिवस फक्त पुढे ढकलला जातो.

वाडग्याच्या तळाशी झिलई साचून जाड झालेली असेल आणि तेवढ्याच भागात जाळी असेल, तर आधी झिलईचा थर पातळ करून पाहावा. जाड थर पातळ थरापेक्षा लवकर तडकतो, आणि कित्येकदा एवढ्यानेच काम भागते.

परंतु वस्तू भट्टीतून काढल्यावर आठवडे किंवा महिने निर्दोष राहिली आणि मग तडकली, तर कारण निराळे आहे. झिलई तिथल्या तिथेच आहे, खालची माती फुगली आहे. पुरेशी न भाजलेली माती सच्छिद्र राहते. हवेतील बाष्प आणि धुण्याचे पाणी तिच्या छिद्रांत शिरते आणि तिच्यातील अस्फटिक भागाशी रासायनिक रीतीने बांधले जाते. या क्रियेत माती अगदी थोडी, टक्क्याच्या शतांशांत किंवा फार तर दशांशांत मोजावी इतकीच फुगते. पण झिलईचा राखीव दाब संपवून तिला ताणाखाली आणायला तेवढे पुरते. भट्टीत पुन्हा घातल्यावर हे बांधलेले पाणी निघून जाते, माती पूर्ववत आकसते, झिलई वितळून जोडली जाते आणि वस्तू नव्यासारखी दिसते. मातीचा स्वभाव मात्र बदललेला नसतो, त्यामुळे हीच क्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पुन्हा भाजलेली वस्तू पुन्हा तडकते, याचे रहस्य एवढेच आहे.

पावसाळ्याचा यात दोष किती

या बाबतीत पावसाळ्याला गरजेपेक्षा जास्त बोल लावला जातो. भाजलेल्या मातीचे असे फुगणे काळाच्या चतुर्थमूळाच्या प्रमाणात वाढते, असे ब्रिटिश संशोधकांनी २००३ मध्ये विटांच्या मोजणीवरून दाखवले. साध्या भाषेत सांगायचे तर पहिल्या दिवशी जितके फुगणे झाले असेल, त्याच्या दुप्पट सोळाव्या दिवशी आणि चौपट २५६व्या दिवशी होते. सुरुवातीला वेग मोठा असतो, नंतर तो मंदावतो, पण थांबत नाही. शिवाय ही रासायनिक क्रिया उष्ण हवेत अधिक वेगाने चालते, म्हणजे बडोद्याचा मे महिना वाटतो तितका निरुपद्रवी नाही. कोरड्या उन्हाळ्यातही हवेत या क्रियेला पुरेल इतके बाष्प असतेच.

तरीही तक्रारी जुलै-ऑगस्टमध्येच का येतात, याची तीन साधी कारणे मला दिसतात. उन्हाळ्यात भाजलेल्या मालाला तोवर दोन-तीन महिने झालेले असतात. तोवर तो माल रोजच्या वापरात येऊन शेकडो वेळा धुतला गेलेला असतो आणि चहाच्या रंगाने तडे डोळ्यांना दिसू लागलेले असतात. शिवाय दमट हवेत सच्छिद्र माती भौतिक रीतीनेही थोडे बाष्प धरून ठेवते, त्यामुळे जी झिलई आधीच काठावर आली होती तिला शेवटचा धक्का तिथे बसतो. म्हणून 'पावसाळ्यात माल विकू नये' हा सल्ला मला पटत नाही. तो माल दिवाळीत विकला तर होळीला तडकेल.

पाणी किती शोषले जाते, ते मोजावे

या निदानासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ज्या मातीचे कप केले त्याच मातीची, झिलई न लावलेली, सुमारे दोनशे ग्रॅमची पट्टी झिलईच्या भट्टीत कपांशेजारी ठेवून भाजावी. ती पूर्ण कोरडी असताना वजन करावे, मग पाच तास पाण्यात उकळावी, त्याच पाण्यात चोवीस तास राहू द्यावी, बाहेर काढून ओल्या फडक्याने पृष्ठभागावरचे पाणी टिपावे आणि लगेच पुन्हा वजन करावे. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणले की शोषणाची टक्केवारी मिळते. समजा कोरडे वजन १८६ ग्रॅम आणि ओले १९९ ग्रॅम आले, तर फरक १३ ग्रॅमचा, म्हणजे शोषण सुमारे ७ टक्के. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर पट्टी मोठी घ्यावी, किंवा सराफी पद्धतीचा छोटा काटा वापरावा. लहान तुकडा आणि ठोकळ काटा एकत्र आले की आकड्याला काही अर्थ उरत नाही.

रोजच्या वापराच्या स्टोनवेअर, म्हणजे उंच तापमानावर भाजून घट्ट केलेल्या मातीच्या, कपांसाठी हा आकडा २ ते ३ टक्क्यांच्या आत असावा. चांगले पक्के झालेले पोर्सिलेन अर्ध्या टक्क्याच्या आत असते. लाल मातीची कमी तापमानावर भाजलेली वस्तू १० ते १५ टक्के पाणी सहज पिते. स्टोनवेअर म्हणून विकत घेतलेल्या मातीचे शोषण ६ किंवा ७ टक्के निघाले, तर ती माती पक्की झालेलीच नाही. मग तिच्यावरील झिलई कोणत्याही पाककृतीची असो, ती पुढेमागे तडकण्याची दाट शक्यता धरून चालावे.

केवळ सच्छिद्रता म्हणजे तडा, असेही मात्र समजू नये. भिंतीवर लावायच्या टाइल्सचे शोषण १० टक्क्यांहून अधिक असते आणि मोरबीसारख्या ठिकाणी अशा टाइल्स अफाट प्रमाणात तयार होतात. तरी त्या सर्व तडकत नाहीत. अशा टाइल्सच्या मिश्रणात चुनखडी किंवा तत्सम कॅल्शियमयुक्त खनिज घालण्याची पद्धत आहे. भाजताना त्यातून स्फटिकरूप संयुगे बनतात, अस्फटिक भाग कमी उरतो, त्यामुळे पाण्याने होणारे फुगणे कमी होते आणि थंड होताना मातीचे आकसणेही वाढते. दोन्ही गोष्टी झिलईच्या बाजूच्या आहेत. धोका आहे तो उंच तापमानासाठी बनवलेली माती अर्ध्यावर भाजून सोडण्यात.

माती अर्धी का राहते

बाजारात तयार मिळणाऱ्या मातीच्या पिशवीवर '११०० ते १२५० अंश' असा ऐसपैस पल्ला छापलेला असतो. कोणतीही एक माती या दोन्ही टोकांना सारखी पक्की होऊ शकत नाही. पल्ल्याच्या खालच्या टोकाला ती फुटत नाही आणि वरच्या टोकाला ती वितळत नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. वीज वाचवावी, कॉइल जास्त टिकावी, म्हणून घरगुती भट्टी ११५० अंशांपर्यंतच नेणारे अनेक जण आहेत, आणि झिलईत बोरॉनचे फ्रिट, म्हणजे आधी वितळवून दळलेली काचपूड, भरपूर असल्याने ती त्या तापमानालाही छान वितळते. झिलई चकचकीत झाली म्हणजे माती पक्की झाली, हा समज इथूनच पक्का होतो. झिलई आणि माती यांची पक्वता स्वतंत्रपणे तपासावी लागते.

दुसरे कारण म्हणजे भट्टीच्या पडद्यावरचा आकडा. तो थर्मोकपलच्या, म्हणजे भट्टीतल्या तापमान मोजणाऱ्या तारेच्या, टोकापाशी असलेल्या हवेचे त्या क्षणाचे तापमान दाखवतो. जुन्या के-प्रकारच्या थर्मोकपलचे वाचन कालांतराने सरकते, आणि लहान भट्टीतही वरच्या व खालच्या शेल्फमध्ये वीस-तीस अंशांचा फरक पडू शकतो. कोन, म्हणजे ठरावीक उष्णता मिळाल्यावर वाकणारी मातीमिश्रणाची लहान सुळकी, मात्र तापमान आणि वेळ या दोहोंचा एकत्र परिणाम दाखवतो, म्हणून प्रत्येक शेल्फवर एक कोन ठेवून तो कितपत वाकला हे वहीत नोंदवावे. ऑर्टन बनावटीचा ६ क्रमांकाचा कोन सावकाश तापवल्यास साधारण १२२० अंशांच्या आसपास वाकतो. पडदा १२२० दाखवतो आणि खालच्या शेल्फवरचा कोन ताठ उभा आहे, असे आढळले तर खालच्या शेल्फवरचे कपच अधिक तडकतात का, हे जुन्या नोंदींशी ताडून पाहावे. बहुतेक वेळा तसेच निघते.

उन्हाळ्यातल्या भट्ट्यांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. संध्याकाळी वातानुकूलन यंत्रे चालू झाली की काही वस्त्यांत व्होल्टेज उतरते. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले तर कॉइलची उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कंट्रोलर असलेली भट्टी अशा वेळी रेंगाळत का होईना, पण ठरलेल्या तापमानाला पोहोचते. परंतु टायमरवर चालणारी जुनी भट्टी ठरलेल्या वेळेला बंद होते आणि माल कच्चा राहतो. टायमरची भट्टी असल्यास तिला दिवसा किंवा पहाटे लावावे आणि झाकणाच्या छिद्रातून कोन वाकलेला पाहूनच बंद करावे.

बिस्कची, म्हणजे झिलई लावण्यापूर्वीची पहिली, भट्टी वाढवा म्हणजे तडे जातील, हा सल्लाही वारंवार दिला जातो. बिस्क ९५० अंशांवर असो की १००० अंशांवर, पुढची झिलईची भट्टी १२२० अंशांची असेल तर मातीची अखेरची अवस्था ती भट्टीच ठरवते. बिस्कमधील हा फरक त्यात विरून जातो. तो सल्ला लागू पडतो तो झिलईची भट्टी बिस्कपेक्षा खालच्या तापमानाला लावणाऱ्यांना. कारखान्यांत पांढऱ्या अर्दनवेअरची, म्हणजे भाजूनही सच्छिद्र राहणाऱ्या मातीच्या भांड्यांची, बिस्क ११०० अंशांच्या वर आणि झिलईची भट्टी त्याखाली, अशी रीत आहे. त्या पद्धतीत भांडे कमी पाणी ओढत असल्याने झिलईचे मिश्रण दाट ठेवावे लागते किंवा भांडे थोडे कोमट करून त्यावर लावावे लागते.

कुकरची परीक्षा

तडे महिन्यांनी येत असतील तर उपाय लागू पडला की नाही हे कळण्यासाठीही महिने थांबावे लागेल. ते टाळण्यासाठी वाफेची परीक्षा आहे. टाइल्सच्या आंतरराष्ट्रीय मानकात नमुना ५०० किलोपास्कल दाबाच्या वाफेत, म्हणजे सुमारे १५९ अंशांना, दोन तास ठेवतात. घरच्या प्रेशर कुकरचा दाब साधारण एक किलो प्रतिचौरस सेंटिमीटर आणि तापमान सुमारे १२० अंश असते, त्यामुळे ही परीक्षा मानकापेक्षा सौम्य आहे आणि ती अधिक वेळ चालवावी लागते.

झिलई लावलेल्या चाचणी-पट्ट्यांना आधी शाई लावून त्या निर्दोष असल्याची खात्री करावी. मग कुकरच्या तळात भरपूर पाणी घालून, पाण्याला स्पर्श होणार नाही अशा जाळीवर त्या मांडाव्यात आणि दाब आल्यावर मंद आचेवर सुमारे एक तास ठेवाव्यात. कुकर आपोआप गार होऊ द्यावा. शिटी उचलून वाफ सोडल्यास तापमानाचा अचानक बदल होतो आणि परीक्षेत दुसरेच कारण मिसळते. पट्ट्या गार झाल्यावर पुन्हा शाई लावून पाहावे, पाणी पुन्हा भरावे आणि असे तीन-चार वेळा करावे. पाणी आटू देऊ नये आणि कुकर सोडून घराबाहेर जाऊ नये. डाळ-भाताचा कुकर यासाठी वापरू नये, हे घरातील ज्येष्ठ मंडळी सांगतीलच. जुना कुकर वेगळा ठेवावा आणि त्याची रबरी रिंग व सेफ्टी व्हॉल्व्ह सुस्थितीत आहेत ना, ते मात्र आधी तपासावे. आपल्या पट्ट्यांबरोबर एखाद्या हॉटेलच्या जाड पांढऱ्या कपाचा तुकडा तुलनेसाठी ठेवल्यास निकाल समजायला सोपा जातो. तो टिकला आणि आपली पट्टी पहिल्याच फेरीत जाळीने भरली, तर शंकेला जागा उरत नाही.

बर्फाच्या पाण्यातून उकळत्या पाण्यात आणि परत, अशी परीक्षा अधिक प्रचलित आहे. ती उपयोगी आहे, पण झिलई आणि माती यांचे तापमानामुळे होणारे आकसणे जुळते का, एवढेच ती सांगते. काही मिनिटांच्या बुडवण्याने मातीला पाणी बांधून फुगायला वेळच मिळत नाही. त्यामुळे बर्फाच्या परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेले कप श्रावणात तडकतात आणि कुंभार चक्रावतो. दोन्ही परीक्षा कराव्यात. बर्फात तडकले तर झिलई बदलावी. बर्फात टिकले पण कुकरमध्ये तडकले तर माती अधिक भाजावी.

उपाय

शोषण जास्त निघाले असेल तर पहिला उपाय म्हणजे माती तिच्या खऱ्या पक्वतेपर्यंत नेणे. त्याच मातीच्या पट्ट्या वीस-वीस अंशांच्या टप्प्याने वर भाजून प्रत्येकीचे शोषण मोजावे आणि आकडा २ टक्क्यांच्या आसपास येतो ते तापमान ठरवावे. वरच्या तापमानाला पंधरा-वीस मिनिटे थांबवल्यास खालच्या शेल्फलाही न्याय मिळतो. पट्टी दोन आधारांवर आडवी ठेवून भाजली तर ती मध्ये झुकते का, हेही कळते. फार झुकली किंवा तिच्यावर फुगे आले तर मर्यादा ओलांडली असे समजावे. तापमान वाढवल्यावर जुनी झिलई ओघळू लागेल, तेव्हा त्या तापमानासाठीची झिलई घ्यावी लागेल. हा खर्चाचा आणि कंटाळ्याचा भाग आहे, परंतु त्याला पर्याय नाही. भट्टी तेवढी चढतच नसेल, तर माती बदलावी आणि भट्टी जिथपर्यंत सहज जाते तिथे पक्की होणारी माती घ्यावी.

माती पक्की असूनही तडे येत असतील तरच झिलईकडे वळावे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान झेगर (१८३९–१८९३) यांनी सांगितलेले नियम आजही तेच आहेत: झिलईत सिलिका (क्वार्ट्झ हे तिचेच रूप) वाढवावी, बोरिक ऑक्साइड वाढवावे, सोडियम व पोटॅशियम कमी करावे, किंवा मातीत बारीक क्वार्ट्झ वाढवून तिचे आकसणे वाढवावे. सोडियम आणि पोटॅशियम झिलईला सर्वाधिक आकसवतात, आणि ते मुख्यतः फेल्स्पार या खनिजातून व काही फ्रिटमधून येतात. म्हणून फेल्स्पारचे प्रमाण शेकडा पन्नासच्या पुढे असलेल्या झिलईत जाळी दिसली तर नवल मानू नये.

सर्वांत सोपा प्रयोग सिलिकाचा आहे. मूळ झिलईचे १०० ग्रॅमचे पाच वाटे करावेत, त्यांत अनुक्रमे ०, ४, ८, १२ आणि १६ ग्रॅम बारीक क्वार्ट्झ पूड मिसळावी, पाचही पट्ट्या एकाच शेल्फवर भाजाव्यात आणि ज्या सर्वांत कमी भरतीला तडे थांबतात ती निवडून एक पायरी पुढची वापरावी, म्हणजे थोडी राखीव जागा राहते. भर वाढता वाढता झिलई मंद किंवा खरखरीत होऊ लागली तर ती न वितळल्याची खूण आहे; तिथे सिलिका वाढवणे थांबवून फेल्स्पारचा काही भाग काढावा आणि त्या जागी टाल्क, म्हणजे शंखजिरे, किंवा कमी सोडियमचे बोरॉन फ्रिट घालून पाहावे. मॅग्नेशियम आणि जस्त यांचे आकसणे सोडियमच्या तुलनेत बरेच कमी असते. टाल्क जास्त झाल्यास झिलई दुधाळ व मंद होते, आणि झिंक ऑक्साइड क्रोमच्या हिरव्या रंगाला तपकिरी करून टाकते, हे रंग वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. लिथियमचा परिणाम फार तीव्र असतो. थोडेसे प्रमाण चुकले तर मघाशी सांगितलेल्या टिकल्या सुटू लागतात, म्हणून घरगुती काट्यावर मोजणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

क्वार्ट्झची कोरडी पूड हाताळताना मास्क अवश्य वापरावा, पूड पाण्यात सोडावी, पाणी पुडीत ओतू नये, आणि सांडलेली पूड झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. आपल्यापासून दूर नसलेल्या खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांना याच धुळीने सिलिकोसिस होतो, आणि फुप्फुसांची ती हानी भरून येत नाही.

मातीत क्वार्ट्झ मिसळण्याचा मार्ग स्वतः माती बनवणाऱ्यांसाठीच आहे. मळलेल्या तयार मातीत कोरडी पूड सारखी मिसळत नाही, आणि उंच तापमानाला फार बारीक क्वार्ट्झचा काही भाग क्रिस्टोबलाइटमध्ये, म्हणजे सिलिकाच्या दुसऱ्या स्फटिकरूपात, बदलला तर थंड होताना सुमारे २२६ अंशांवर तो एकदम आकसून भांडेच फोडू शकतो.

बरण्या आणि आधीच विकलेला माल

जाळी पडलेल्या कपातून चहा प्यायल्याने लगेच काही बिघडत नाही, परंतु तड्यांखाली सच्छिद्र माती असेल तर तिच्यात दूध-चहा मुरतो, धुऊन निघत नाही आणि वास येऊ लागतो. तडकलेल्या झिलईने भांड्याची मजबुतीही लक्षणीय घटते. सच्छिद्र मातीचे, जाळी पडलेले कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नयेत, कारण मातीत मुरलेले पाणी तापून कान चटका देण्याइतका गरम होतो. जाळीचे सौंदर्य म्हणून चीनमधील सुंग काळच्या गुआन भांड्यांचा दाखला काही जण देतात. फुलदाणीच्या बाहेरच्या अंगाला तो शोभतो, वाडग्याच्या आतल्या बाजूला नाही.

बरणीची गोष्ट अधिक कडक आहे. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत लिंबाचे लोणचे आणि शेजाऱ्यांकडून शिकलेला छुंदा दोन्ही चिनी मातीच्या बरणीतच मुरतात, आणि तिथे मीठ, आम्ल व वर्षभराचा सहवास असतो. मिठाचे पाणी तड्यांतून मातीत शिरते, बाहेरच्या बाजूला येऊन वाळते आणि स्फटिक बनताना झिलईच्या टिकल्या उडवते. म्हणून बरणीसाठी शोषण १ टक्क्याच्या आत असलेलीच माती घ्यावी, आतील झिलई पारदर्शक किंवा पांढरी, रंगद्रव्य नसलेली ठेवावी, आणि शिशाचे फ्रिट किंवा शेंदूर असलेली झिलई खाण्याच्या भांड्याला कोणत्याही तापमानावर लावू नये. नवी बरणी विकण्यापूर्वी तिच्यात मिठाचे दाट पाणी भरून ती दोन आठवडे वर्तमानपत्रावर ठेवावी. कागदावर ओल आली किंवा बुडाशी पांढरी कड दिसली तर ती बरणी लोणच्यासाठी देऊ नये.

आधीच विकलेले कप परत आले तर ते पुन्हा भाजून तेच गिऱ्हाइकाला देऊ नयेत. त्यांच्याबरोबरच्या भट्टीतील एखादा तुकडा शिल्लक असल्यास त्याचे शोषण मोजावे. तो नसेल तर परत आलेल्या कपांपैकी एक फोडून त्याची झिलई नसलेली बुडाची चकती काढावी, ती ओव्हनमध्ये पूर्ण वाळवावी आणि तिच्यावरच मोजणी करावी. आकडा ३ टक्क्यांच्या वर गेला तर त्या भट्टीतील राहिलेला सर्व माल, आज कितीही निर्दोष दिसत असला तरी, खाण्यापिण्याच्या फळीवरून काढून बुडाला छिद्र पाडून कुंड्यांकडे वळवावा.